चोपन्न किलोचं बारदान

ज्या साली आमच्या थोरलीला जुळं झालं, त्या साली माझं वजन एकशे एक किलो होतं. जुळ्यांचं मिळून सव्वाचार किलो. त्या दिवसांत आमच्या घरात वजनाशिवाय दुसरा विषय नव्हता. जुळ्यांचं वाढावं म्हणून सगळे झटत होते, माझं उतरावं म्हणून सगळे झटत होते, आणि या दोन कामांत माणसं इतकी गुंतली होती की तिसरीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. हे मी आता लिहितो आहे. तेव्हा मला असं काही सुचलं नव्हतं.

मी कंपनीच्या वजनकाट्यावर होतो. मालाची गाडी फाटकातून आत आली की आधी भरलेली तोलायची, माल उतरवून परत आली की रिकामी तोलायची, एकातून दुसरं वजा करायचं आणि चिठ्ठी फाडून द्यायची. तीस वर्षं मी हेच केलं. मला आकडे आधी आले आणि अक्षरं फार उशिरा, चाळिशीत, तीही बायकोने शिकवली. पण आकड्यांत माझा हात धरणारा कुणी नव्हता. चाकांची बसकण बघून मी सांगायचो, नऊ टन, आणि काटा म्हणायचा, नऊ टन चाळीस किलो. चालक लोक मला 'काटेसाहेब' म्हणत. पुढे मी येतोय असं दिसलं की नुसतं 'भरलेली गाडी' म्हणत, तेही मला ऐकू येई.

माझा गुन्हा एवढाच, की मी अठ्ठावन्न वर्षांचा झालो. त्या वयाला घरी बसायचं, असा कंपनीचा नियम. मात्र कंपनीच्या डॉक्टरने 'धडधाकट' असा शिक्का मारला तर दोन वर्षं मुदतवाढ, आणि मुदतवाढ असेतो कंपनीच्या दोन खोल्याही राहत. मला नोकरीचं फारसं काही नव्हतं. खोल्यांचं होतं. म्हणजे बायकोला होतं. त्या खोल्यांत ओल होती, नळाला पाणी करंगळीएवढं येई, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून माझी काट्याची केबिन सरळ समोर दिसे. जेवण तयार झालं की ती खिडकीत निळं फडकं वाळत घाले. ते दिसलं की मी निघे. बावीस वर्षांत तिने मला जेवायला कधी हाक मारली नाही.

"मला दुसरीकडे कुठं नेऊ नका," ती म्हणाली. "दोन वर्षं तर दोन वर्षं."

डॉक्टरने माझं पोट दाबलं, छाती ऐकली, काट्यावर उभं केलं, आणि कागदावर काही न लिहिता पेनला टोपण लावलं.

"पंच्याऐंशी," तो म्हणाला.

"एकशे एक आहे," मी म्हणालो. मला वाटलं, बिचाऱ्याला काटा वाचता येत नाही.

"पंच्याऐंशी करून आणा. सहा महिने देतो."

करून आणा! जसं काही पँट आखूड करून आणायची आहे. बायकोही माझ्याबरोबर आली होती. मी बूट घालेपर्यंत ती गंमत म्हणून काट्यावर चढली. चोपन्न. "बघा," ती म्हणाली, "लग्नानंतर मी होते तेवढीच आहे. तुम्ही मात्र दोघांचे झालात."

बातमी आमच्याआधी चाळीच्या जिन्यावर पोचली होती. शेजाऱ्याला दुसऱ्याचं वजन उतरवण्यात जो आनंद असतो, तो स्वतःचं उतरवण्यात नसतो. कुणी म्हणालं पळा, कुणी म्हणालं पळू नका, गुडघे जातील. एका बाईने तर माझ्यासमोरच बायकोला विचारलं, "रात्री घोरतात का हो? घोरण्याने वजन वाढतं." शेवटी सगळ्यांना बाजूला सारून वरच्या मजल्यावरचे मास्तर उतरले. ते निवृत्त शिक्षक. बोलताना समोरचा माणूस पहिल्या बाकावर बसला आहे असं समजून बोलत. त्यांच्या हातात एक जाड पुस्तक होतं आणि त्यांच्या अंगावर मांस असं कुठेच नव्हतं, त्यामुळे त्यांचं म्हणणं खरं वाटे.

"जे जमिनीतून येतं, झाडावर लागतं, तेच खायचं. आणि जसंच्या तसं खायचं," मास्तर म्हणाले. "दूध नाही, अंडं नाही, मांस नाही. तेलाचा थेंब नाही. साखर नाही. सालं काढायची नाहीत, कोंडा चाळायचा नाही."

"मग खायचं काय?"

"भरपेट खा! अख्खं धान्य, कडधान्य, पाला, कंदमुळं, फळं. मोजायचं नाही. पोट आपोआप लवकर भरतं. चोथ्याचा गुण!"

बायकोने एकच अट घातली. "एका घरात दोन स्वयंपाक मी करणार नाही. तुम्ही खाल ते मी खाईन." मला ते त्यागाचं वगैरे वाटलं नाही. इंधन वाचेल असं वाटलं.

पहिल्या आठवड्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. माणसाची काही अब्रू असते. उकडलेला भोपळा, उकडलेलं बीट, भिजवलेले हरभरे, आणि मीठही चिमूटभर. जेवायला बसलं की चावण्याच्या आवाजात बोलणं ऐकू येत नसे. पोटात जे आवाज होत ते मात्र केबिनच्या बाहेर उभ्या चालकालाही ऐकू जात. एकाने विचारलं, "काटेसाहेब, आत यंत्र नवीन बसवलं का?"

आता माझं वजन उतरतंय की नाही हे बघायचं कसं? इथून खरी कहाणी सुरू होते.

दवाखान्यातला काटा सहा महिन्यांतून एकदाच वापरायला मिळे. मध्येच चढायचं तर अर्ज, अर्जावर खातेप्रमुखाची सही, सहीवर शिक्का. औषधाच्या दुकानाबाहेर नाणं टाकायचं यंत्र होतं, पण ते वजनाच्या चिठ्ठीवर भविष्यही छापून देई. असल्या यंत्रावर माझ्यासारख्याने चढणं म्हणजे सुताराने दगडाने खिळा ठोकणं. गाड्यांचा मोठा काटा वीस किलोच्या पायरीने चाले. त्याच्या दृष्टीने मी म्हणजे चाकाला चिकटलेला चिखल. राहिला पोत्यांचा जुना काटा. तो फार इमानी, शंभर किलोच्या वर अर्ध्या किलोचाही फरक दाखवायचा. पण शंभराच्या खाली मुका. काटा जागचा हलायचाच नाही.

म्हणजे माझ्याबरोबर काहीतरी पक्कं वजन ठेवायला हवं होतं. मी वजनमाप कार्यालयात गेलो आणि वीस किलोची तीन प्रमाण वजनं रविवारपुरती मागितली. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "माल कोणता?"

"मी."

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नाशवंत मालाचा फॉर्म वेगळा आहे," तो म्हणाला.

मी तोही भरला. "कळवू," असं उत्तर मिळालं.

धान्याचं पोतं ठेवलं तर ते दमट हवेत वाढतं आणि कोरड्या हवेत घटतं. मी पोत्याला ओळखून होतो. मग एका सकाळी दाढी करता करता मला सुचलं, की घरात चोपन्न किलोचं एक पक्कं वजन फिरतं आहे. वीस वर्षांत तीनदा तोललेलं, तिन्ही वेळा चोपन्न. हवेने न बदलणारं. अर्ज न लागणारं.

आमच्या धंद्यात मालाबरोबर जी रिकामी पेटी, पोतं, गाडी तोलली जाते, तिला बारदान म्हणतात. बारदान एकदाच तोलायचं. नेहमीची गाडी असेल तर तिचं रिकामं वजन फळीवर रंगवून टाकायचं, आणि पुढे दर खेपेला डोळे मिटून तेवढं वजा करायचं. वेळ वाचतो. तीस वर्षं मी अशीच हजारो गाड्यांची बारदानं वजा केली आणि कंपनीचं कधी एका किलोचंही नुकसान झालं नाही.

"लग्नाला तेहतीस वर्षं झाली," बायको म्हणाली, "आणि आज कळलं मी कोण. बारदान!"

"अगं, शब्द आहे तो कामातला."

"असू दे. माल तुम्ही, बारदान मी. चला."

त्या रविवारी आम्ही दोघं पोत्यांच्या काट्यावर पाठीला पाठ लावून उभे राहिलो. एकशे पंचावन्न. वजा चोपन्न, राहिले एकशे एक. डॉक्टरच्या काट्याशी तंतोतंत. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. कपाटाच्या दारावर मी तक्ता चिकटवला आणि वळणदार आकड्यांत तिचे चोपन्न डोक्यावर एकदाच लिहिले, गाडीच्या फळीवर लिहितात तसे.

आणि वजन उतरू लागलं. एकशे त्रेपन्न. एकशे एक्कावन्न. महिन्याभरात चार किलो! शेजारी तक्ता बघायला येत. मास्तर तर छडीने आकडे दाखवत. "बघा, पुस्तकात म्हटलंय तसंच!"

इथे एक कबुली द्यायला हवी. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये साडेदहाला बटाट्याच्या कापांचा पहिला घाणा निघे. सुरुवातीचे पंधरा दिवस मी नाकाला रुमाल लावून तिथून गेलो. सोळाव्या दिवशी माझ्या मनात असा विचार आला, की बटाटा जमिनीतून येतो. तेल बियांतून येतं. म्हणजे यात मास्तरांच्या पुस्तकाविरुद्ध काय आहे? मी एक बशी खाल्ली. रविवारी काट्यावर चढताना जीव घाबरा झाला होता. पण काटा म्हणाला, दीड किलो उतरले. पुढच्या आठवड्यात मी रोज एक बशी खाल्ली. पुन्हा एक किलो उतरलं. मग मी कशाला थांबतो? कॅन्टीनवाला म्हणायचा, "काटेसाहेब, तुमचं शरीर म्हणजे चमत्कार आहे. आम्ही नुसता वास घेतला तरी फुगतो."

घरी मी पुन्हा बीट चावत बसे आणि बायकोला तोंडी लावायला उपदेश देई. "मन घट्ट पाहिजे," मी म्हणे. "माझ्याकडे बघ."

ती बघे. तिच्या ताटातलं अर्धं तसंच राही. "दोन घासांत पोट भरतं हो," ती म्हणे. मी ते मास्तरांना सांगितलं, तर त्यांनी टाळी वाजवली. "चोथा! चोथ्याचा गुण! वहिनी पुस्तकातलं उदाहरण आहेत!"

फक्त पँट सैल होत नव्हती. तिसऱ्या महिन्यात मी अकरा किलो उतरलो होतो आणि पट्ट्याचं भोक तेच होतं. मी पँट घेऊन शिंप्याकडे गेलो आणि म्हणालो, कंबर दोन इंच आत घे. त्याने टेप लावली.

"काटेसाहेब, कंबर आहे तेवढीच आहे."

"टेप ताणली गेलीय तुझी."

"टेप नवी आहे. घरून मात्र वहिनींचे चार कपडे आत घ्यायला आले, ते घेतलेत. तीन-तीन इंच."

"तेच तर म्हणतोय! तिचे घेतोस, माझे का घेत नाहीस?"

हे मी खरोखर बोललो. शब्दन् शब्द आठवतो. आयुष्यात माणूस बरंच काही बोलतो आणि विसरतो. हे एक वाक्य विसरायला मिळालं तर मी कुठल्याही खिडकीवर अर्ज करायला तयार आहे.

शिंप्याशी भांडून मी तिरीमिरीत औषधाच्या दुकानाबाहेरच्या यंत्रावर चढलो. नाणं टाकलं. चिठ्ठी आली: सत्त्याण्णव किलो. मागे छापलं होतं, 'तुम्ही दूरदर्शी असून कुटुंबाची काळजी घेणारे आहात.' मी चिठ्ठी फाडून टाकली. वजनाची बाजू खोटी म्हणून. मागची बाजू मला पटली होती.

चौथ्या महिन्यात थोरली जुळ्यांना घेऊन आठ दिवस राहायला आली. आल्या आल्या तिने आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, तू किती वाळलीस गं!"

मी मध्येच बोललो, "आणि मी?"

"तुम्ही... बाबा, तुम्ही बरे आहात."

मला ते लागलं. तेरा किलो उतरवलेल्या माणसाला लेक म्हणते, बरे आहात! मी तिला हाताला धरून कपाटाच्या दारापाशी नेलं आणि तक्ता दाखवला. ती आईच्या अंगठीबद्दल काहीतरी सांगत होती. बायकोने अंगठीला आतून दोरा गुंडाळला होता, निसटू नये म्हणून. मला वाटलं होतं, काही विसरू नये म्हणून बांधलाय.

"अगं, हलकं वाटतं मला," बायको लेकीला म्हणाली. "यांचा तो पालापाचोळा मला मानवला. जरा दमायला होतं, एवढंच. सहा महिने संपू देत, मग बघू. तेवढा यांचा शिक्का होऊन जाऊ दे."

निळं फडकं हल्ली खिडकीत उशिरा लागे. मी घरी येऊन कुरकुर करे, की उकडायला एवढा वेळ लागतो का.

सहाव्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी काट्याने एकशे साडेअडतीस दाखवले. वजा चोपन्न, साडेचौऱ्याऐंशी. मास्तरांनी जिन्यात भाषण केलं. मी काट्याला हात जोडले. उतरताना बायकोने माझा खांदा धरला आणि मिनिटभर सोडला नाही. मी समजलो, आनंदाने.

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. ती बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली. मी ऐटीत काट्यावर चढलो.

"साडेशहाण्णव," डॉक्टर म्हणाला आणि पेनला टोपण लावू लागला.

माझं डोकं फिरलं. तीस वर्षं वजन करणाऱ्या माणसाला खोटा काटा दाखवतात? मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, हा काटा बिघडलाय. मी कालच तोललोय. साडेचौऱ्याऐंशी!"

"कशावर?"

मी सगळी पद्धत समजावून सांगितली. एकूण, बारदान, निव्वळ. त्याला एक अक्षर कळलं नाही असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. तेव्हा मी दार उघडून ओरडलो, "अगं, आत ये! हिला उभी करा. सहा महिन्यांपूर्वी याच काट्यावर चोपन्न भरली होती. वीस वर्षांत फरक नाही. आत्ता कळेल तुमचा काटा कसा आहे तो!"

ती आली. चपला काढल्या, पिशवी माझ्या हातात दिली आणि चढली. काटा बेचाळीसवर थांबला.

मी हसलो. मोठ्याने हसलो. "बघा! सरळ बारा किलोंनी खोटा! तिचे बारा कमी, माझे बारा जास्त! असला काटा ठेवून तुम्ही लोकांच्या नोकऱ्या..."

डॉक्टर काट्याकडे बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता. त्याने पुढे होऊन तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि तिला हळूच खाली उतरवून खुर्चीवर बसवलं.

"काटेसाहेब," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "दोघांची बेरीज करा."

बेरजेला मला कागद लागत नाही. साडेशहाण्णव आणि बेचाळीस. एकशे साडेअडतीस. माझा पोत्यांचा काटा अर्ध्या किलोनेही चुकला नव्हता. माझे साडेचार उतरले होते. बाकीचे बारा दर रविवारी माझ्या पाठीला पाठ लावून उभे राहिलेल्या बारदानाचे होते, आणि ते मी वळणदार आकड्यांत माझ्या नावावर लिहीत होतो.

"यांचा शिक्का होईल ना, डॉक्टर?" ती खुर्चीतून विचारत होती. "थोड्यासाठी अडवू नका."

पोटातच गाठ होती. दोन घासांत पोट भरायचं ते त्यामुळे. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं की आहाराचा यात काही दोष नाही, आहार चांगलाच आहे. दुखणं आधीचं होतं. फक्त चार महिने आधी यायला हवं होतं. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण मास्तरांनी पुस्तक रद्दीत दिलं आणि पुढे कित्येक दिवस ते आमच्या दारावरून जाताना चपला हातात घेऊन जात. त्यांची काही चूक नव्हती. पुस्तकात बारदान दरवेळी वजा करा असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

घरी आल्यावर तिने तक्ता काढू दिला नाही. "राहू दे," म्हणाली. "अक्षर छान आलंय तुमचं." एकदा मी उशाशी बसून तिच्याकडे बघत होतो, तर म्हणाली, "असे काय बघताय? टायर बसलेत का माझे?" मी म्हणालो, "नाही गं." तीस वर्षं लांबून चाकं बघून टन सांगणारा मी. ती रोज हाताच्या अंतरावर जेवायला बसत होती.

इस्पितळाच्या पायऱ्या चढउतरून माझं वजन काही न करता उतरलं. तेल नाही, साखर नाही, सालंही नाहीत, खाल्लंच नाही. डॉक्टरने शिक्का मारायला पुन्हा बोलावलं तेव्हा मी ब्याऐंशी होतो. मुदतवाढ मिळाली, खोल्या राहिल्या. त्याच आठवड्यात वजनमाप कार्यालयाचं पत्र आलं, की माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करून वीस किलोची तीन प्रमाण वजनं रविवारपुरती देण्यास हरकत नाही. सोबत नाशवंत माल घेऊन यावे.

दोन वर्षं मी त्या केबिनमध्ये बसून काढली. दर खेपेला रिकामी गाडी पुन्हा तोलायला लावायचो, फळीवर काहीही रंगवलेलं असो. चालक वैतागत, रांग फाटकाबाहेर जाई, वरून दोन ताकीदपत्रं आली. समोरच्या खिडकीत दुपारी काही नसे.

जुळ्यांच्या पहिल्या वाढदिवसानंतर अकराव्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी सव्वानऊ वाजता माझी बायको वारली.